परवाना हाती, प्रशिक्षण वाऱ्यावर

रविवारी सकाळी देवनारच्या परिसरात फेरफटका मारणाऱ्यास एक दृश्य हमखास आढळते. रस्त्यावरची वर्दळ अद्याप वाढलेली नसते, दुकानांची दारे अर्धवट उघडलेली असतात आणि एखाद्या गल्लीच्या टोकाशी किंवा मोकळ्या जागेत कोणीतरी मोटारसायकल शिकत असतो. शिकणारा अठरा-एकोणीस वर्षांचा असतो. शिकवणारा त्याचा थोरला भाऊ, मामा किंवा शेजारचा मित्र. "अरे, क्लच हळू सोड," असे बजावले जाते, गाडी एक हिसका देते आणि बंद पडते. "दादा, परत एकदा," असे म्हणून शिकणारा पुन्हा किक मारतो. दहा-बारा प्रयत्नांनंतर गाडी चालू लागते, पहिल्याचा दुसरा गिअर पडतो आणि बघणाऱ्या पोरांच्या टोळक्यात टाळ्या वाजतात. अशा दोन-तीन रविवारांत शिक्षण संपते. तिसऱ्या वा चौथ्या सोमवारी तोच मुलगा घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर कचऱ्याचे डंपर, टँकर आणि बेस्टच्या बसगाड्या यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून वाट काढताना दिसतो.

या दृश्यात हसण्यासारखे काही नाही आणि त्या मुलाला वा त्याच्या भावाला दोष देण्यासारखेही काही नाही. जी विद्या शिकवण्याची व्यवस्था समाजाने उभीच केली नाही, ती विद्या कुटुंबाने आपल्या परीने द्यायची, हा आपल्याकडचा जुना परिपाठ आहे. प्रश्न आहे तो असा की, ज्या शासनसंस्थेने वाहन चालवण्याच्या अनुज्ञेचा अधिकार स्वतःकडे राखून ठेवला, तिने शिकवण्याच्या जबाबदारीकडे मात्र पाठ का फिरवावी? परवाना देणे आणि पात्रता निर्माण करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा पसारा वाढत गेला आणि दुसरी कोणाचीच राहिली नाही. दुचाकीच्या अपघातांचा विचार करताना बेशिस्त तरुणाईवर ताशेरे झाडण्याआधी या विसंगतीकडे पाहणे आवश्यक आहे.

कायदा काय सांगतो

सध्या लागू असलेला मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि त्याने १९३९ च्या कायद्याची जागा घेतली. या कायद्यान्वये अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवता येत नाही. केवळ ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरती ही मर्यादा सोळा वर्षांची ठेवण्यात आली. प्रथम शिकाऊ परवाना घ्यावयाचा. त्याची मुदत सहा महिन्यांची. तो हाती आल्यावर किमान तीस दिवस लोटल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. या काळात गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबडे 'एल' अक्षर असले पाहिजे आणि मोटारसायकलवर मागे शिकवणाऱ्या परवानाधारकाखेरीज अन्य कोणासही बसवता कामा नये. वाहतुकीची चिन्हे व नियम यांची प्राथमिक परीक्षा महाराष्ट्रात २०२१ पासून घरबसल्या संगणकावर देण्याची सोय झाली आहे. प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवण्यासाठी मात्र देवनार, गोवंडी, चेंबूरपासून मुलुंडपर्यंतच्या रहिवाशांना वडाळ्याचे प्रादेशिक परिवहन कार्यालय गाठावे लागते. या भागातील वाहनांवर दिसणारा 'एमएच-०३' हा क्रमांक त्याच कार्यालयाचा.

कागदावर ही व्यवस्था नेटकी आहे. केंद्रीय नियमांतील मूळ शुल्कही जाचक म्हणता येणार नाही. शिकाऊ परवान्याचे १५०, त्याच्या परीक्षेचे ५०, प्रत्यक्ष चाचणीचे ३०० आणि परवान्याचे २०० असे मिळून एका वर्गातील वाहनासाठी ७०० रुपये होतात. परंतु या साऱ्या तरतुदींत एक मोठी पोकळी आहे. शिकाऊ परवाना आणि पक्का परवाना यांच्या मधल्या तीस दिवसांत उमेदवाराने काय करावयाचे, कोणाकडून किती तास शिकावयाचे, याविषयी खासगी दुचाकीस्वारावर कसलेही बंधन नाही. तीस दिवस गेले पाहिजेत एवढीच अट आहे. ते गाडीवर गेले की चहाच्या टपरीवर गेले, हे विचारणारा कोणी नाही. कालावधी म्हणजेच शिक्षण, अशी ही विलक्षण समजूत आहे.

टंचाईच्या काळातील चौकट

ही समजूत कोठून आली हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सत्तरीच्या दशकात आपल्या देशात दुचाकी ही दुर्मीळ वस्तू होती. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि नंबर लागल्याची वार्ता घरात एखाद्या मंगलकार्याच्या वार्तेसारखी सांगितली जाई. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना बाजारात आणली आणि मध्यमवर्गातील अनेकांना, विशेषतः पुण्यासारख्या शहरांतील मुलींना, पहिले यांत्रिक वाहन मिळाले. तरीही रस्त्यावर सायकलीच अधिक होत्या, वेग कमी होते आणि नवशिक्याच्या चुकीला क्षमा करण्याइतकी मोकळी जागा रस्त्याने ठेवली होती. भावाकडून वा मामाकडून शिकण्याची रीत त्या परिस्थितीत खपून गेली.

त्या काळातील विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. स्कूटर तयार करण्याचा परवाना मिळवताना कारखानदारास दिल्लीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. किती गाड्या काढावयाच्या हेही सरकार ठरवी. गाडी निर्माण करणाऱ्यावर कडक नियंत्रण होते. गाडी चालवणाऱ्याच्या कौशल्याची पारख मात्र नाममात्र होती. पुढे १९८५ साली हीरो होंडाची शंभर सी.सी.ची गाडी आली, पेट्रोलचा खर्च उतरला, १९९१ नंतर औद्योगिक परवान्यांचे राज्य बव्हंशी संपले आणि हप्त्यांवर गाडी मिळू लागली. ज्या वस्तूसाठी वडिलांनी आठ-आठ वर्षे वाट पाहिली, ती मुलाला दुकानात कागदांवर सह्या करून एका दुपारी मिळते. उत्पादनावरचे बंधन सैल झाले हे योग्यच झाले. परंतु वाहने विपुल झाल्यावर चालकाच्या शिक्षणाची व्यवस्था विस्तारावयास हवी होती, ती टंचाईच्या काळात होती तेथेच थांबली. बाजारपेठेने एक मजल मारली. संस्थांनी ती मारली नाही.

या मागासलेपणाचे मोल लहान नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजारांच्या घरात होती. एकट्या महाराष्ट्रातील बळी १५ हजारांहून अधिक होते. एखाद्या साथीने एवढी माणसे नेली असती तर विधिमंडळाचे कामकाज बंद पडले असते.

आठाचा आकडा

दुचाकीची चाचणी म्हटली की सर्वांना आठवतो तो आठाचा आकडा. जमिनीवर आखलेल्या आठाच्या आकारात, पाय खाली न टेकवता, गाडी फिरवून दाखवावयाची. ही चाचणी निरर्थक नव्हे. मंद वेगात तोल सांभाळणे, क्लच अर्धा दाबून ठेवून गती आवरणे, नजर वळणाच्या पुढे ठेवणे हे गुण त्यातून कळतात. सायकल चालवता येणाऱ्या कोणाही मुलाला हे कसब थोड्या सरावाने साधते. परंतु दुचाकीस्वाराचा जीव तोल गेल्याने क्वचितच जातो. तो जातो ते ब्रेक चुकीचा दाबल्याने, अंतराचा अंदाज चुकल्याने, मोठ्या वाहनाच्या चालकाला आपण दिसत नाही हे न कळल्याने. आठाच्या आकड्यात यांपैकी कशाचीही परीक्षा होत नाही.

ब्रेकचेच उदाहरण घ्यावे. गाडी थांबू लागली की तिचा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून थांबवण्याचे बहुतेक सामर्थ्य पुढच्या ब्रेकमध्ये असते. याउलट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उपदेश चालत आला आहे तो, "पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील," असा. परिणामी नवशिका संकटकाळी सारा जोर मागच्या ब्रेकवर देतो, मागचे चाक अडकते आणि गाडी आडवी घसरते. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा क्रमाक्रमाने वाढवत दाबण्याची सवय ही शिकवून आणि घोटून घ्यावी लागते. ती उपजत नसते. १२५ सी.सी.पेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना चाक अडकू न देणारी ब्रेकयंत्रणा आणि लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा २०१८-१९ पासून सक्तीची झाली, हे योग्यच झाले. तथापि यंत्र चुकीची तीव्रता कमी करते. अंदाज शिकवत नाही.

अंतराचा हिशेब तर त्याहून महत्त्वाचा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. समोरचे संकट डोळ्यांनी पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद सहज जातो; म्हणजे गाडीचा वेग कमी होऊ लागण्यापूर्वीच ११ मीटर खर्ची पडलेले असतात. वेग ताशी ६० झाला की हे अंतर जवळपास १७ मीटर होते आणि नंतर थांबण्यासाठी लागणारे अंतर दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अकरावीच्या पदार्थविज्ञानात हे सूत्र पाठ केलेला विद्यार्थी त्याच संध्याकाळी डंपरच्या मागे चार हातांवरून गाडी चालवत घरी जातो. शाळेतील सूत्राचा आणि रस्त्यावरील हँडलचा संबंध त्याला कोणी दाखवून दिलेला नसतो.

देवनारसारख्या ठिकाणी तर या अज्ञानाला दुसरी संधी मिळत नाही. १९२७ पासून शहराचा कचरा येथे येऊ लागला. १९७१ मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना येथे हलवण्यात आला. पलीकडे माहुल-तुर्भ्याचे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. म्हणजे शहराने स्वतःच्या दारात नको असलेली जड वाहतूक या एका कोपऱ्यात लोटली. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात महापालिकेच्या सर्व विभागांत तळाशी असलेला एम-पूर्व विभाग तो हाच. शिवाय देवनारच्या उंबरठ्यावरून दक्षिण मुंबईकडे जाणाऱ्या पूर्व मुक्त मार्गावर दुचाकींना बंदी आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर ती आहे आणि २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही आहे. या बंदीला सुरक्षेचे कारण आहे आणि ते खोटे नाही. पण तिचा परिणाम असा की, मोटारगाडीवाल्यास निर्वेध रस्ता मिळतो आणि दुचाकीस्वार ट्रक-टँकरांच्या सोबतीला खालच्या जुन्या रस्त्यावर राहतो. ज्याला सर्वात कमी संरक्षण, त्याला सर्वात अवघड वाट आणि सर्वात तोकडे शिक्षण, अशी ही वाटणी आहे.

परवाना ही माहिती आहे

अर्थशास्त्राच्या दृष्टीने वाहनपरवाना ही एक प्रकारची माहिती आहे. रस्त्यावर समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला गाडी चालवता येते की नाही हे कोणाही नागरिकाला स्वतः तपासून पाहता येत नाही. ते तपासून सांगण्याचे काम समाजाने शासनाकडे सोपवले आहे. परवाना म्हणजे त्या तपासणीची पावती. तपासणीशिवाय पावती मिळू लागली की खोट्या नाण्याप्रमाणे ती खऱ्या पावतीचेही मोल घालवते. कसोशीने शिकलेला आणि अजिबात न शिकलेला यांच्या खिशातील कार्ड एकसारखेच दिसते. मग कसोशीने शिकावे कशाला, असा विचार सुबुद्ध माणसाच्याही मनात डोकावतो.

याविषयी एक बोलका पुरावा उपलब्ध आहे. मेरियन बर्ट्रांड, सिमियन जान्कोव्ह, रीमा हॅना व सेंधिल मुल्लैनाथन या चार अर्थतज्ज्ञांनी २००४-०५ मध्ये दिल्लीत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००७ साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये प्रसिद्ध झाले. परवाना काढू इच्छिणाऱ्या ८२२ जणांचे चिठ्ठ्या टाकून ठरवल्याप्रमाणे तीन गट करण्यात आले. एका गटाला लवकर परवाना मिळवल्यास २,००० रुपयांचे बक्षीस, दुसऱ्याला वाहन चालवण्याचे मोफत धडे आणि तिसऱ्याला काहीच नाही. आढळले ते असे की, परवाना मिळवणाऱ्याचा सरासरी खर्च अधिकृत शुल्काच्या सुमारे अडीचपट होता आणि वरची रक्कम मध्यस्थांच्या हाती जात होती. परवाना मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी चाचणी दिलेलीच नव्हती आणि संशोधकांनी स्वतंत्रपणे घेतलेल्या परीक्षेत निम्म्याहून अधिक नापास झाले. बक्षिसाच्या गटाला परवाने अधिक मिळाले, पण गाडी न येणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात वाढले.

या प्रयोगातून सर्वसाधारणपणे काढला जातो तो भ्रष्टाचाराविषयीचा धडा, आणि तो खराच आहे. मध्यस्थ हा रांगेतील वेळ वाचवण्याची सेवा विकत नाही. तो परीक्षेतून सुटका विकतो. सेवेचा सौदा ग्राहकापुरता असतो. परीक्षेतून सुटकेची किंमत मात्र त्या सौद्यात नसलेला पादचारी मोजतो. पण त्याच प्रयोगात दुसराही एक धडा आहे आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. ज्यांना मोफत धडे मिळाले त्यांनाही परवाने अधिक प्रमाणात मिळाले, आणि त्यांना गाडीही अधिक चांगली येत होती. म्हणजे लोकांना आडमार्गाची जन्मजात ओढ असते असे नव्हे; शिकण्याचा सरळ मार्ग जवळ असेल तर अनेक जण त्याच मार्गाने जातात.

किंमत कोण मोजतो

एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला मोटारसायकल शिकण्याची घाई का असते, हेही समजून घेतले पाहिजे. पूर्वी ती हौस होती. आता ती बहुधा नोकरीची अट असते. नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालात मंचाधारित व तत्सम कामे करणाऱ्यांची देशातील संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख अंदाजली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असे म्हटले होते. हे सगळेच दुचाकीवर फिरणारे नाहीत हे खरे; पण जेवणाचे डबे, किराणा आणि पार्सले घरोघर पोचवणाऱ्यांचा वर्ग त्यात मोठा आहे. गोवंडी-देवनारच्या वस्त्यांतील मुलाला भांडवलाविना मिळू शकणाऱ्या मोजक्या कामांपैकी हे एक. त्याच्या लेखी परवाना हे रोजगाराचे दार आहे. एक दिवस चाचणीसाठी घालवणे म्हणजे एका दिवसाची कमाई गमावणे. नापास होऊन पुन्हा येणे म्हणजे दोन दिवसांची. सातशे रुपयांचे शुल्क नव्हे, हा बुडणारा रोज त्याला मध्यस्थाकडे ढकलतो.

पण आडमार्गाने घेतलेल्या वा मुळीच न घेतलेल्या परवान्याची खरी किंमत नंतर वसूल होते. २०१८ साली विमा नियामकाने वाहन चालवणाऱ्या मालकाच्या व्यक्तिगत अपघात विम्याची किमान रक्कम १५ लाख रुपये केली. परंतु हे संरक्षण मिळण्यासाठी त्या मालकाजवळ वैध परवाना असणे आवश्यक आहे. कमावता मुलगा गेल्यावर १५ लाखांचा आधार मिळणे आणि न मिळणे यांतील अंतर म्हणजे धाकट्या बहिणीचे शिक्षण चालू राहणे आणि बंद पडणे यांतील अंतर होय. उलट त्याच्या गाडीने दुसऱ्या कोणाचा जीव गेला तर काय? सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणात स्पष्ट केल्याप्रमाणे, परवान्याच्या अटीचा भंग झाला असला तरी विमा कंपनीला त्रयस्थ बळीस भरपाई द्यावयास सांगता येते आणि ती रक्कम नंतर वाहनमालकाकडून वसूल करता येते. बळीच्या कुटुंबाला न्याय मिळतो हे उचितच; पण ज्या घरात एकच खोली आणि एकच कमावता, तेथे ही वसुली पिढीभराचे कर्ज होऊन बसते. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना वाहन चालवण्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपये झाला आणि अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला २५ हजारांचा दंड व तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद झाली. दंडाची भीती अवश्य असावी. परंतु शिकण्याची सोय न देता केवळ दंड वाढवणे म्हणजे विहीर न खणता तहानेला शिक्षा करणे होय.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

चाचणी कडक केली की गरिबांचे दार बंद होईल आणि लाचेचा दर वाढेल, असा आक्षेप घेतला जातो. तो झटकून टाकण्याजोगा नाही. केरळने २०२४ साली चाचणीचे निकष कडक करू लागताच प्रशिक्षण शाळांनी तीव्र विरोध केला. मात्र त्याच वर्षी त्या राज्याच्या परिवहन महामंडळाने स्वतःच्या प्रशिक्षण शाळा सुरू केल्या, ही त्या प्रकरणातील अधिक उपयुक्त बाजू आहे. परीक्षा कठीण करावयाची तर शिकवण्याची सोय प्रथम वाढवली पाहिजे. हा क्रम उलटला की सुधारणा शिक्षेसारखी वाटू लागते.

केंद्र सरकारने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रातून उत्तीर्ण होणाऱ्यास परिवहन कार्यालयातील चाचणी माफ होते. पण अशा केंद्रासाठी दुचाकी, तीनचाकी व हलक्या वाहनांकरिता एक एकर जमीन लागते. मुंबईसारख्या शहरात एक एकर मोकळी जमीन बाळगणारा माणूस तेथे मोटारसायकल शिकवत बसेल, ही अपेक्षा भाबडी आहे. शिवाय जो शिकवतो आणि शुल्क घेतो, त्यानेच उत्तीर्ण ठरवावे, यातील हितसंबंधांचा पेचही उघड आहे. शिकवणारा आणि पारखणारा हे वेगळे असावेत, हे तत्त्व विद्यापीठांनी फार पूर्वी मान्य केले. रस्त्यासाठी ते अमान्य का व्हावे?

ब्रिटनचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. तेथे वाहनचालकाची चाचणी १९३५ मध्ये सक्तीची झाली. त्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यविशारदाने पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास हाती घेतला आणि १९४१ साली हेल्मेटची उपयुक्तता शास्त्रीय पद्धतीने मांडली. तरीही केवळ चाचणी व हेल्मेट पुरेसे नाहीत हे अनुभवाने पटल्यावर १९९० मध्ये तेथे नवशिक्या मोटारसायकलस्वाराने रस्त्यावर येण्यापूर्वीच मूलभूत प्रशिक्षण घेण्याची सक्ती झाली. आधी मोकळ्या मैदानात आणि मग शिक्षकाच्या देखरेखीखाली रस्त्यावर, असा त्याचा क्रम आहे. पंचावन्न वर्षांच्या अनुभवातून एका देशाने जे जाणले, ते जाणण्यासाठी आपण पुन्हा तेवढीच वर्षे आणि तेवढेच बळी खर्च करावेत असे काही नाही.

काय करता येईल

उपाय महागडे नाहीत. शिकाऊ परवान्याच्या त्या तीस दिवसांत किमान सहा-आठ तासांचे दुचाकी प्रशिक्षण आवश्यक करावे आणि ते घरापासून जवळ, माफक शुल्कात मिळावे. त्यासाठी नवी जमीन संपादन करण्याचीही गरज नाही. महापालिकेची मैदाने, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची आवारे, महाविद्यालयांचे वाहनतळ रविवारी सकाळी चार तास मिळाले तरी प्रत्येक विभागात एक केंद्र चालू शकेल. बेस्ट आणि राज्य परिवहन महामंडळ यांच्याजवळ चालकांना घडवण्याचा दीर्घ अनुभव आहे. भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. निवृत्त चालक-प्रशिक्षकांना मानधन देऊन हे काम सोपवता येईल. डंपरच्या पुढे-मागे आणि डाव्या बाजूला चालकाला न दिसणारा टापू केवढा असतो, हे बसच्या चालकाच्या आसनावर पाच मिनिटे बसवून दाखवले, तर दहा व्याख्यानांचे काम होईल.

चाचणीत आठाचा आकडा राहू द्यावा. पण त्याच्या जोडीला ठरलेल्या वेगावरून ठरलेल्या अंतरात दोन्ही ब्रेक वापरून थांबणे, अडथळा चुकवणे आणि प्रत्यक्ष रस्त्यावरील अर्धा-एक किलोमीटर या गोष्टी याव्यात. प्रत्येक कार्यालयातील उत्तीर्ण-अनुत्तीर्णांचे प्रमाण दरमहा फलकावर लागावे. जेथे कोणीच नापास होत नाही तेथे परीक्षा होते की नाही, हे लोकांना आपोआप कळेल. रोजंदारीवरच्या उमेदवारांसाठी रविवारी चाचणीची सोय असावी. आणि दुचाकीस्वारांच्या श्रमावर ज्या कंपन्यांचा व्यवसाय उभा आहे, त्यांनी प्रशिक्षणाचा खर्च उचलावा. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये विजेवरील दुचाकी टॅक्सींचे धोरण मंजूर केल्यानंतर तर हा प्रश्न केवळ चालकापुरता राहिलेला नाही. मागे बसणारा प्रवासी एका अनोळखी माणसाच्या कौशल्यावर आपला जीव सोपवणार आहे.

दुचाकी हे गरिबाला परवडणारे वेगाचे एकमेव साधन आहे. तिने मजुराला दूरच्या कामापर्यंत नेले, मुलींना महाविद्यालयाची वाट मोकळी केली, घर आणि नोकरी यांतील अंतर कापले. तिच्याकडे केवळ उपद्रव म्हणून पाहण्याची मोटारगाडीतील वर्गाची दृष्टी अन्यायाची आहे. म्हणूनच तिच्या चालकाला चांगले शिक्षण मिळणे हा उपकार नव्हे, हक्क आहे. देवनारच्या गल्लीत भावाला क्लच शिकवणारा थोरला भाऊ आपले कर्तव्य बजावतोच आहे. त्याला जेवढे येते तेवढे तो शिकवतो. जे त्याला स्वतःलाच कोणी शिकवले नाही, ते शिकवण्याची पाळी आता शासनाची आणि समाजाची आहे. ती टळली तर परवान्यावरचे छायाचित्र आणि शोकसभेतील छायाचित्र यांत एकाच वर्षाचे अंतर असलेली घरे या शहरात वाढतच राहतील.